घडांना पेपर लावायला आठवडा लागतो
हवामानाचा अंदाज देणाऱ्यांना आणि त्याबद्दलचे निर्णय घेणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
केंद्रात आणि राज्यात हवामान अंदाजाचं काम सांभाळणारे शास्त्रज्ञ, अधिकारी आणि या कामाला पैसा मंजूर करणारे लोकप्रतिनिधी,

सप्रेम नमस्कार.

मी निफाड तालुक्यातल्या गोदाकाठची द्राक्ष उत्पादक. अडीच एकर थॉम्पसन जातीची पांढरी द्राक्षं, एकरभर कांदा आणि घरापुरता गहू, एवढी आमची शेती. फवारणीचा ट्रॅक्टर माझे यजमान चालवतात, वही मी लिहिते. त्या वहीत छाटणीच्या तारखा असतात, कोणतं औषध कधी मारलं ते असतं, मजुरीचा हिशोब असतो आणि गेल्या सहा हिवाळ्यांपासून रोज पहाटेचं तापमानही असतं. बागेच्या मधल्या ओळीत, घडांच्या उंचीला, तारेला एक साधा थर्मामीटर बांधलेला आहे. पहाटे पाचच्या आत बॅटरी घेऊन जायचं, आकडा बघायचा, घरी येऊन लिहायचा. हा माझा नेम आहे आणि या पत्रामागचा आधारही तोच आहे.

गेल्या जानेवारीतला एक आठवडा सांगते. सोमवारी साप्ताहिक अंदाज आला. मध्य महाराष्ट्रात हवामान कोरडं राहील, पुढच्या चार-पाच दिवसांत किमान तापमानात दोन ते तीन अंशांची घट होईल. त्या पहाटे माझ्या वहीत ११ अंश होते. त्यातून तीन वजा केले तर आठ उरतात. आठ अंश आम्ही दरवर्षी सोसतो. बागेत त्याच आठवड्यात पाणी उतरायला लागलं होतं, म्हणजे मणी कडकपणा सोडून मऊ पडायला आणि साखर धरायला सुरुवात झाली होती. पांढऱ्या जातीच्या द्राक्षाला सगळ्यात नाजूक काळ तो हाच. या काळात रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी टळटळीत ऊन असं झालं की हिरव्या-पिवळ्या मण्यांवर गुलाबी छटा चढते. आमच्याकडे तिला पिंक बेरी म्हणतात. चवीत काही फरक पडत नाही, पण निर्यातीचा व्यापारी तो घड हातात घेतो आणि खाली ठेवतो.

त्यावर उपाय आहे. घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळायचा. ऐकायला सोपं वाटतं. नऊ बाय पाच फुटांवर लागण असेल तर एकरी साडेनऊशेच्या वर झाडं बसतात. झाडाला तीस घड धरले तरी अडीच एकरांत सत्तर हजार घड होतात. दहा बायकांना त्याला पुरता आठवडा लागतो, शिवाय कागदाची रद्दी आणि मजुरी. म्हणून आम्ही थंडी कुठवर जाईल ते बघून ठरवतो. त्या सोमवारी आठ अंश धरले आणि पेपर लांबणीवर टाकला.

गुरुवारी संध्याकाळी वारा पडला. आभाळ काचेसारखं साफ होतं. शुक्रवारी पहाटे पावणेपाचला थर्मामीटरवर ४ अंश होते. बांधावरच्या गवतावरचं दव पांढरं होऊन गोठलं होतं. मुठीत धरलं तर जाड्या मिठासारखं करकरलं. विहिरीचं पाणी अशा वेळी कोमट असतं. ते ठिबकातून सोडलं की जमिनीलगतची थंडी जरा तरी मोडते, हे इथलं पोरसोरही जाणतं. पण त्या आठवड्यात आमच्या फिडरला, म्हणजे शेतीच्या वीजवाहिनीला, दिवसाची वीज होती, पहाटे मोटार चालू होणार नव्हती. मग उसाचं पाचट आणि ओला भुसा पेटवून ओळीओळीत धूर केला. सासरे पंचाहत्तरीचे आहेत, तेही घोंगडी पांघरून शेकोटी राखत बसले होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा ४, तिसऱ्या दिवशी ५. पंधरा दिवसांनी निम्म्या बागेवर गुलाबी छटा आली. ठरलेला निर्यातीचा सौदा मोडला आणि माल किलोमागे २२ रुपये कमी घेऊन इथल्या बाजारात द्यावा लागला.

तुमचा अंदाज चुकला असं मी म्हणत नाही. आठवड्याच्या शेवटी मी बातम्यांतले आकडे ताडून पाहिले. बऱ्याच शहरांत घट दोन-तीन अंशांचीच होती. अंदाज मध्य महाराष्ट्रासाठी होता आणि मध्य महाराष्ट्रासाठी तो बरोबर होता. माझं म्हणणं इथूनच सुरू होतं.

तुमच्या नकाशावर महाराष्ट्राचे चार भाग आहेत. कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भ. यातला मध्य महाराष्ट्र नंदुरबारपासून कोल्हापूर-सोलापूरपर्यंत पसरलेला. त्यात तापीचं खोरं आहे, सह्याद्रीचा घाट आहे, माणदेशाचा माळ आहे. सगळा भाग सोडा, एकट्या नाशिक जिल्ह्याचं बघा. इगतपुरीला मुसळधारेच्या एका आठवड्यात जेवढा पाऊस पडतो, तेवढा आमच्याकडे कधीकधी अख्ख्या पावसाळ्यात होत नाही. थंडीचंही तसंच. कोरड्या, निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली ऊब आभाळाला देऊन टाकते. जमिनीलगतची हवा गार होते, जड होते आणि पाण्यासारखी उताराला लागते. गोदावरी आणि कादवेच्या काठचा आमचा भाग खोलगट. ती सगळी गार हवा आमच्याकडे येऊन साचते. आमच्याच तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा दर हिवाळ्यात राज्याच्या बातम्यांत येतो तो उगाच नाही. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस तो २ अंशांच्याही खाली गेला होता. आणि वेधशाळेतला तापमापक लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो. निरभ्र रात्री जमिनीलगत त्याहूनही काही अंशांनी गार असतं. म्हणजे तिथे ५ दिसत असतील तेव्हा आमच्या कांद्याच्या रोपांच्या पातीवर दव गोठलेलं असू शकतं. हे सगळं तुम्हीच शोधून, मोजून ठेवलेलं शास्त्र आहे. आठवड्याचा अंदाज लिहिताना ते कुठे जातं?

दुसरी तक्रार थंडीच्या लाटेची. सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी असेल, किंवा पारा थेट ४ अंशांपर्यंत उतरला असेल, तर थंडीची लाट जाहीर होते. माणसांसाठी, प्रवासासाठी हा नियम असेल. पण द्राक्षवेलीची वाढ १० अंशांखाली जवळपास थांबते. सलग पाच-सहा रात्री ८-९ अंश राहिले तर मण्यांची फुगवण अडकते, काढणी लांबते, बाजारभावाचा सगळा मेळ चुकतो. त्या आठवड्याचं तुमचं पत्रक मात्र ‘कोणताही इशारा नाही’ असं सांगतं आणि नकाशावर जिल्हा हिरवा असतो. वेलीला लाट जाहीर झाली की नाही ते कळत नाही, तिला रात्र कळते. उलट तीच थंडी गव्हाला आणि हरभऱ्याला मानवते. सासरे अशा सकाळी म्हणतात, ‘गव्हाला सोनं पडलं.’ एकाच बांधाच्या दोन बाजूंना एकाच रात्रीचा अर्थ वेगळा. म्हणून पीक बघून बोलणारा माणूस लागतो.

तो माणूस होता. २०१८ पासून देशभर कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं सुरू झाली. अशी १९९ केंद्रं उभी राहिली आणि २०२४ मध्ये ती बंद करण्यात आली. माझ्या मोठ्या नणंदेचं सासर दुसऱ्या जिल्ह्यात आहे, तिच्या गावच्या ग्रुपवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी पत्रक यायचं. पुढच्या पाच दिवसांचा पाऊस, तापमान, वारा, आर्द्रता आणि त्याखाली कापसाला काय करायचं, हरभऱ्याला काय, जनावरांना काय. शेवटी एक नाव आणि फोन नंबर. ती त्या नंबरला फोन करायची. ‘ताई, परवा वारा आहे, आज फवारू नका,’ असं पलीकडून कोणी सांगायचं. तो फोन आता लागत नाही. वरून येणारा अंदाज यंत्रावर तयार होतो, आपोआप सगळीकडे जातो, मधल्या माणसाची गरज काय, असा काहीसा हिशोब झाला असावा. हा हिशोब मला मान्य नाही. आकडा यंत्र देईल. त्या आकड्यावर रात्री मोटार चालवायची की नाही, हे माझ्या पिकाची अवस्था विचारून घेणारा माणूसच सांगू शकतो.

‘तुरळक ठिकाणी हलक्या पावसाची शक्यता.’ हे वाक्य हिवाळ्यात आमच्या पोटात गोळा आणतं. तुमच्या भाषेत तुरळक म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. आमच्या गावात शंभर जणांना विचारा, शंभर वेगळे अर्थ निघतील. कोणी म्हणेल थोडाच पडेल, कोणी म्हणेल कुठे तरी पडेल, आपल्याकडे नाही. बाग फुलोऱ्यात असेल आणि दोन दिवस ढगाळ राहून शिडकावा झाला तर डाऊनी हा बुरशीचा रोग एका रात्रीत घडात शिरतो. म्हणून आम्ही भीतीपोटी फवारतो. पाऊस आला तर औषध धुऊन जातं आणि पुन्हा फवारतो. नाही आला तर पैसे गेले ते गेलेच. निर्यातीच्या बागेत प्रत्येक औषधाची शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जायला हवेत ते ठरलेलं आहे, उर्वरित अंश जास्त निघाला तर अख्खा प्लॉट बाद. तिथे ‘शक्यता’ हा शब्द पुरत नाही. ती दहात दोन आहे की दहात सात, एवढं तरी सांगा. आम्ही शेतकरी बाजारभावाचा अंदाज रोज बांधतो, शक्यतेचं गणित आम्हाला नवीन नाही.

तुम्ही असं स्पष्ट बोलत नाही, तेव्हा ती जागा दुसरं कोणी तरी भरतं. मोबाइलवर तालुक्याचं नाव घेऊन, तारीख आणि वेळ सांगून ठामपणे बोलणारे किती तरी जण आहेत. त्यांचा आधार काय, त्यांनी काय मोजलं, कोणी विचारत नाही. मागच्या डिसेंबरात अशाच एका व्हिडिओवरून आमच्या वस्तीवरच्या तिघांनी एका दिवसात फवारण्या उरकल्या. आभाळात ढगसुद्धा आला नाही. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या तालुक्याचं नाव घेऊन बोलणारा तो एकटाच होता.

तुमच्या कामाची मला कदर आहे, हेही इथे लिहिलं पाहिजे. २६ नोव्हेंबर २०२३ ला आमच्या तालुक्यात गारपीट झाली. ऐन भरातल्या बागा तासाभरात पाला-काडीसकट झोडपल्या गेल्या. त्या वेळी वादळी पावसाचा इशारा आधी आला होता, मी विसरलेले नाही. गारा थांबवणं कोणाच्या हातात नाही. हवामानाचा अंदाज चुकू शकतो, हेही आम्ही जाणतो. आमचे बापजादे नक्षत्रावर आणि वाऱ्याच्या दिशेवर पेरण्या करत आले, त्यांच्याहून जास्त चुकीची सवय कोणाला असणार? पण चूक झाल्यावर ती झाली असं सांगावं लागतं. गेल्या आठवड्यात आम्ही काय सांगितलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, हे एका पानावर आमच्यासारख्यांना वाचता येईल असं सहा हिवाळ्यांत माझ्या हाती कधी पडलं नाही. माझ्या वहीत ते आहे, माझ्या एका बागेपुरतं.

आणि मजुरांचा विषय. तो शेवटी येतोय म्हणून लहान समजू नका. पेठ, सुरगाण्याकडून छाटणी, डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), विरळणीसाठी कुटुंबंच्या कुटुंबं आमच्याकडे येतात. चार महिने राहतात. काहींना शेडची खोली मिळते, बरेच जण बागेच्या कडेला प्लास्टिकच्या कागदाखाली झोपतात. सोबत तान्ही मुलं असतात. त्या शुक्रवारी आमच्याकडे आलेल्या एका सात महिन्यांच्या मुलीला छाती भरून आल्यामुळे सकाळी सायखेड्याला दवाखान्यात न्यावं लागलं. ती बरी झाली. पण आदल्या संध्याकाळी मला ‘आज रात्री नदीकाठी ४ अंश’ एवढं कळलं असतं तर मी त्या माउलीला घरात झोपवलं असतं. आठ अंश समजून मी फक्त एक जादा गोधडी दिली. हे वाक्य लिहायला मला चार दिवस लागले.

आता मागण्या.

तालुक्याचा अंदाज द्या, आणि जमेल तिथे महसूल मंडळाचा, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटाचा. साधनं नाहीत असं म्हणता येणार नाही. मे २०२५ मध्ये देशाची नवी अंदाजप्रणाली सुरू झाली, ती सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत बघते आणि ती आपल्या पुण्यातच तयार झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये हवामान अंदाज सुधारण्याच्या केंद्राच्या ‘मिशन मौसम’ योजनेला दोन वर्षांसाठी २,००० कोटी रुपये मंजूर झाले. राज्यात महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी आहेत. पीक विम्याचा दावा मंजूर-नामंजूर करायला त्यांचे आकडे चालतात, मग रोज पहाटेचा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला का चालू नये?

बंद केलेली जिल्हा कृषी हवामान केंद्रं पुन्हा उघडा आणि तिथल्या माणसांना कायम नेमणुका द्या. दर पाच-सहा वर्षांनी उठवली जाणारी माणसं जिल्हा शिकू शकत नाहीत. निफाडचा खोलगट भाग आणि चांदवडचा माथा यांत फरक काय, हे कळायला दोन-तीन हिवाळे तिथे काढावे लागतात.

थंडीच्या इशाऱ्याला पिकाचं माप लावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात द्राक्ष, कांदा, डाळिंब, केळी, हरभरा यांच्या अवस्थेनुसार कोणत्या तापमानाला सावध व्हायचं, ते पत्रकात आकड्यानं यावं. जमिनीलगत दव गोठण्याचा धोका वेगळा सांगावा.

शक्यता दहातल्या आकड्यात सांगा. मराठीत सांगा. इंग्रजीतून उतरवलेल्या वाक्यांत नको, लासलगावच्या बाजारात बोललं तर समजेल अशा मराठीत.

दर सोमवारी नवा अंदाज देताना मागच्या आठवड्याचा ताळा त्याखाली छापा.

वीज देणाऱ्यांशी आणि महसूल यंत्रणेशी तुमची गाठ हवी. ज्या रात्री मंडळात पारा ५ अंशांखाली जाण्याची दहात सात शक्यता असेल, त्या पहाटे तीन ते सहा शेतीच्या फिडरला वीज मिळावी आणि गावातली शाळा किंवा समाजमंदिर बाहेरगावच्या मजुरांना झोपायला उघडं असावं. दोन्हींना जादा पैसा लागत नाही, आदल्या दुपारी एक निरोप लागतो.

माझ्या सहा हिवाळ्यांची वही मी तुमच्यापैकी कोणालाही द्यायला तयार आहे. तारीख, वेळ, घडाच्या उंचीचं तापमान, दव होतं की नाही, वारा होता की नाही, सगळं आहे. अशा वह्या आमच्या भागात आणखीही निघतील, विचारायला कोणी आलं तर. तुमच्या केंद्राचा आकडा आणि माझ्या बागेचा आकडा यांत कोणत्या रात्री किती फरक पडतो, ते एका हिवाळ्यात मांडता येईल. त्यासाठी हवी ती मदत, जागा, वेळ आम्ही देऊ.

यंदा आमची छाटणी ५ ऑक्टोबरला झाली. १० जानेवारीच्या आसपास बागेत पाणी उतरायला लागेल. पेपर लावायचे तर बायकांना १ तारखेला सांगावं लागेल, म्हणजे १ ते १० जानेवारीचा आमच्या मंडळाचा अंदाज डिसेंबर संपायच्या आत हातात हवा. पत्राचं उत्तरही त्याआधी मिळावं, ही विनंती.

आपली,
गोदाकाठची एक द्राक्ष उत्पादक
तालुका निफाड, जिल्हा नाशिक